विलायत : एका शब्दाचे स्थलांतर

परमुलखासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत. परंतु इंग्रजी अमदानीत घरोघरी रुळला तो ‘विलायत’. अमुक गृहस्थ विलायतेस गेले, एवढे म्हटले की ते इंग्लंडला गेले हे निराळे सांगावे लागत नसे. मूळ शब्दात मात्र इंग्लंडचा वा परकेपणाचा मागमूसही नाही. अरबीत ‘विलाया’ म्हणजे अंमल, अधिकार आणि त्यावरून अंमलाखालील प्रांत. ओमान व अल्जीरिया या देशांत प्रशासकीय विभागाला आजही हेच नाव आहे. ‘त्याला कोणी वाली नाही’ असे आपण म्हणतो, तो ‘वाली’ याच कुळातला.

हा शब्द फारसीच्या द्वारे हिंदुस्थानात आला. मोगल अमदानीत अनेक सरदार-मुत्सद्द्यांची मूळ घरे इराण-तुराणात होती. त्यांची ‘विलायत’ तीच. पुढे सत्ता इंग्रजांच्या हाती गेली आणि विलायत इंग्लंडात जाऊन बसली. शब्द तोच राहिला, राज्यकर्त्यांचे घर तेवढे बदलले.

या बदलाचा अर्थ साताऱ्याच्या रंगो बापूजी गुप्ते यांच्याइतका फार थोड्यांना कळला असेल. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडले. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीस निवर्तले, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. विलायतेत त्यांना वाली मिळाला नाही.

१९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा ‘विलायती’ हा ‘स्वदेशी’चा विरुद्धार्थी शब्द बनला होता. एरवी बाजारात तोच शब्द उंची मालाची ग्वाही म्हणून चाले. बाहेरून आले ते सारे विलायती, एवढा तो सैल झाला. विलायती चिंच व विलायती बाभूळ ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातील; इंग्लंडशी त्यांचा संबंध नाही.

‘परदेशी’ शब्दाची गोष्ट निराळी. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत आलेल्यांना मराठी माणूस परदेशी म्हणे. कित्येक घराण्यांचे ते आडनाव झाले आणि ती घराणी येथलीच झाली. परदेश हा केवळ अंतराने दूर असतो. विलायत मात्र आपल्यावर अंमल गाजवणाऱ्याचे घर होती. म्हणूनच १९४७ नंतर हा शब्द हळूहळू बोलण्यातून ओसरला. आता तो उरला आहे मुख्यतः जुन्या ग्रंथांत आणि त्या दोन झाडांच्या नावांत.