बातमीवरील नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आलेख असतोच. त्याबरोबर, आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांपर्यंत जगाची वार्ता कशी पोहोचत गेली, याचीही नोंद असावी असे वाटते.

कल्याणच्या लष्करी छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. येथे १९६५ मध्ये चांदीबाई महाविद्यालय सुरू झाले आणि अंबरनाथ-बदलापूरची मुलेही लोकलने शिकावयास येऊ लागली. त्या काळी बातमी मुंबईहून रेल्वेनेच येत असे. 'लोकसत्ता' १९४८ पासून व 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ पासून निघत होते. डब्यात एकाच अंकाची पाने वाटून घेतली जात. घरी आकाशवाणीच्या बातम्या असत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शनची त्यात भर पडली.

या साऱ्या बातम्यांना धनी होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव बंधनकारक केले होते. आमच्या व्यवसायात कापडाच्या ताग्यावर गिरणीचा शिक्का असे; माल खराब निघाल्यास तक्रार कोठे करावी हे त्यावरून कळे. अर्थात नाव म्हणजे सत्याची हमी नव्हे. आणीबाणीच्या काळात, १९७५ नंतर, पत्राचे नाव तेच राहिले; मजकुराला मात्र कात्री लागली. तरीही जाब कोणाला विचारावा, हे वाचकास ठाऊक होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि विद्यार्थ्याचे वृत्तपत्र त्याच्या खिशात आले. त्याचा लाभ मोठा आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसची दृश्ये घरोघरी तत्काळ पोहोचली. परंतु त्याच मार्गाने असत्यही येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. त्याच महिन्यापासून व्हॉट्सअॅपवर पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. मूळ लिहिणाऱ्याचे नाव मात्र आले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या बातमीने बदलापूरकर रेल्वेमार्गावर उतरले. ती बातमी खरी होती. त्यानंतर शहरातील इंटरनेट काही काळ बंद ठेवण्यात आले. राईनपाड्याची अफवा आणि बदलापूरची बातमी मोबाइलच्या पडद्यावर एकसारखीच दिसते; दोहोंतील भेद पडदा सांगत नाही.

पूर्वी हा भेद तपासण्याचे काम संपादकाच्या मेजावर होत असे. आज ते महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या अंगठ्यावर येऊन पडले आहे. म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी तो प्रथम कोणी व कोणत्या दिवशी सांगितला हे शोधावे, आणि सांगणाऱ्याचे नाव सापडेपर्यंत तो आपल्यापाशीच थांबवावा, एवढी अपेक्षा तरुण मित्रांकडून या मंगल प्रसंगी व्यक्त करतो.