पंच व्हायला शिकणारी मुले : थोडा इतिहास

उत्सवातील क्रीडास्पर्धांसाठी खेळणाऱ्या मुलांची नावे भराभर येतात. पंच कोण, हे मात्र आदल्या रात्री आठवते आणि मग कोणीतरी काका गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहतात. हे काम मुलांनाच शिकवून का देऊ नये, असा प्रश्न पडला आणि आपल्या खेळांना पंच मिळाला तरी कधी, इकडे लक्ष गेले.

गल्लीतल्या खेळाला पूर्वी पंच नसे. बाद की नाही, ते दोन्हीकडचे गडी भांडून ठरवीत. हुतूतूचे तर निरनिराळे प्रकार होते. ‘संजीवनी’त समोरचा गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन परत येई. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘अमर’मध्ये तो मैदान सोडतच नसे, फक्त समोरच्यांना गुण मिळे. अशा दोन रीतींचे संघ समोरासमोर आले तर खेळायच्या आधीच भांडण ठरलेले!

हे बदलले ते नियम लिहिले गेल्यावर. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले. (आपल्या कनकपुरा रस्त्यावरचे बनशंकरी अम्माचे देऊळ 1915 सालचे, म्हणजे हे नियम त्याहूनही एक वर्षाने जुने.) 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम नीट करून स्पर्धा भरवली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. 1938 साली मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था काढली.

साहेबाच्या फुटबॉलची गोष्टही फार वेगळी नाही. 1863 च्या पहिल्या नियमांत पंचाचा उल्लेखच नव्हता. पुढे दोन्ही संघ आपापला अंपायर आणू लागले आणि त्यांचे जमले नाही तर मैदानाबाहेरच्या रेफरीला विचारीत. 1891 मध्ये तो रेफरी मैदानात आला आणि अंपायर रेषेवर गेले.

नियम छापले गेले तसे निर्णय देणे अवघड झाले. खो-खोचेच पाहा. आठ गडी आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. खो पाठीमागून द्यायचा, हाताचा स्पर्श आणि तोंडाचा शब्द दोन्ही हवेत आणि खो मिळण्याआधी बसलेल्याने उठायचे नाही. उठल्यावर त्याने एकदा दिशा धरली की मागे फिरायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. हे सगळे एका क्षणात घडते! मधल्या पाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पंच असतो, वर सरपंच, शिवाय गुणलेखक आणि वेळ पाहणारा. कबड्डीत तर डोळ्यांइतकेच कान लागतात, कारण चढाई करणाऱ्याचा दम तुटला का, हे ऐकूनच ठरते. बाजूच्या लॉबीत नुसता पाय पडला तर गडी बाद, पण झटापट सुरू झाली की तीच लॉबी मैदानाचा भाग होते. मोठी माणसेही येथे गोंधळतात. मुलांना मात्र हे चटकन पाठ होते, असा माझा अनुभव आहे.

शिकवण्याची रीतही साधी असावी. मुलाने आधी गुणलेखकाशेजारी बसावे, मग रेषेवर उभे राहावे, शिट्टी सर्वांत शेवटी. जो संघात निवडला जात नाही, ज्याला धावताना धाप लागते, त्यालाही येथे मानाची जागा मिळते. असा मुलगा बहुधा नियम अधिक लक्ष देऊन वाचतो. आपल्याकडे कामानिमित्त हॉलंडला जाऊन आलेले बरेच जण आहेत. तेथील हॉकी क्लबांत किशोर खेळाडूंना पंचाची परीक्षा द्यावी लागते आणि लहानांच्या सामन्यांत तेच शिट्टी घेऊन उभे राहतात. इकडे बनशंकरीत तर आपल्या मुलांच्या संघात कन्नड, तमिळ, हिंदी बोलणारे सवंगडीही असतात. ‘खो’ आणि ‘कबड्डी’ हे शब्द सगळ्यांचेच, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

अडचण वेगळीच आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटला. पण आपल्याच वाढदिवसाला येणाऱ्या मित्राला, भर मैदानात, त्याच्या आईबाबांदेखत बाद द्यायचे, हे बारा वर्षांच्या पोराला विश्वचषकाइतकेच कठीण. तेव्हा कोणी काका दोरीपलीकडून ‘अरे, नीट बघ’ म्हणाले की संपलेच. पुढच्या वेळी ते पोर शिट्टी हातात धरत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते, की पुढील वर्षी दहा वर्षांखालील मुलांचे सामने सातवी-आठवीच्या मुलामुलींनी पंच होऊन पार पाडावेत. नियमांचा कागद मंडळाने गणपतीच्या महिनाभर आधी वाटावा. तक्रार फक्त संघाच्या कर्णधाराने करावी, पालकांनी नाही. प्रवेश अर्जावर ही अट ठळक अक्षरांत छापावी आणि तिच्याखाली सही पालकांची घ्यावी.