दिनविशेष : १ जुलै १८७९ – पाव आण्याचे पोस्टकार्ड

१ जुलै १८७९ रोजी भारतात सरकारी पोस्टकार्ड विक्रीस आले. किंमत पाव आणा. लंडनच्या थॉमस डी ला रू कंपनीने छापलेल्या त्या कार्डावर राणी व्हिक्टोरियाची छबी होती.

पोहोचल्याची खुशाली, लग्नाची तारीख, पिकाची हालत, सगळे त्या उघड्या कार्डावर मावू लागले. आज या कार्डांचे मोल वेगळेच आहे. पत्ता, टपालाचा शिक्का आणि तारीख एकाच तुकड्यावर असल्याने ती इतिहासाचा पुरावा ठरतात. चित्रांच्या कार्डांचेही तसेच. अमेरिकेत महामार्गालगतची मोटेल आणि खानावळी आपल्या इमारतीचे रंगीत चित्र असलेली कार्डे जाहिरात म्हणून पाहुण्यांना फुकट देत. त्यांपैकी अनेक इमारती पाडल्या गेल्या. त्या कशा होत्या हे आता अनेकदा कार्डांवरूनच कळते.

आपल्या नागपुरातही देशाचे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यांच्या कडेचे जुने ढाबे आणि लॉज रुंदीकरणात गेले, पण त्यांची अशी चित्रे आपल्याकडे क्वचितच निघाली. ही उणीव मोठी आहे. म्हणूनच घरातल्या तारेला टोचलेली जुनी कार्डे रद्दीत घालू नयेत. एखाद्यावर सीताबर्डी किंवा कामठीचा शिक्का, एखाद्या खानावळीचा वा दुकानाचा छापील पत्ता सापडेल. शिक्का कापून न काढता कार्ड अख्खे जपावे आणि त्यातली नावे घरातल्या ज्येष्ठांकडून आजच लिहून घ्यावीत.