दिव्यांग विद्यार्थ्यांची शालेयोत्तर तयारी (अहिल्यानगर जिल्हा)

दहावी-बारावीनंतरचे शिक्षण, रोजगार आणि स्वतःच्या बळावरचे जगणे यांसाठी दिव्यांग मुलामुलींना शाळेत असतानाच सज्ज करण्याचे काम. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळते. पुढे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव असतात. म्हणजे दोन्ही टोकांना कायद्याचा आधार आहे. मधला पूल मात्र शाळेलाच बांधावा लागतो, आणि तो नववीपासून बांधायला हवा. अमेरिकेत शालेयोत्तर तयारीची लेखी योजना विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत करणे शाळांना बंधनकारक आहे.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात ही गरज अधिक तीव्र आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावातून किंवा जामखेडहून नगरच्या महाविद्यालयात यायचे, तर एसटीतील ७५ टक्के सवलत कामी येते. पण अंध मुलाला स्थानकावर आपली गाडी शोधणे, वाहकाला थांबा सांगणे, उतरल्यावर रस्ता ओलांडणे आधी सरावाने जमलेले असावे लागते. परीक्षेत उत्तरे लिहून घेणाऱ्या लेखनिकाचेही तसेच. उत्तर मनात जुळवून परिच्छेद, विरामचिन्हे यांसह सांगणे हे वेगळेच कौशल्य आहे. ते ऐन बोर्डाच्या पेपरात शिकता येत नाही. नगरमधील ‘अनामप्रेम’सारख्या संस्था दिव्यांग तरुणांसाठी जिव्हाळ्याने काम करतात, पण त्यांच्या दारापर्यंत पोचण्याची ताकद शाळेतच यायला हवी.

धडधाकट पदवीधरही बेकार असताना या खटाटोपाचा उपयोग काय, असे विचारले जाते. मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) वेळेत न काढलेला मुलगा स्पर्धेत हरत नाही, त्याचा अर्जच पुढे सरकत नाही. लवकर दिशा ठरवली तर मुले मेणबत्त्या आणि फायली बनवण्यातच अडकतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणून तयारीची सुरुवात मुलाच्या आवडीपासून व्हावी आणि योजना ठरवण्याच्या बैठकीत त्याला बोलू द्यावे. त्याच्या वतीने पालकांनीच सगळे ठरवून टाकू नये. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांच्या घरी आणखी एक गोष्ट वेळेत कळायला हवी : अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. गरज असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात.