बिब्ब्याचा डाग

निजामी अमदानीत परभणी हा औरंगाबाद सुभ्यातील जिल्हा. त्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून चाले. तरी जिंतूर, पाथरी वा गंगाखेडच्या खेड्यापाड्यांत वयात येणाऱ्या लेकराच्या पोटात कळ उठली, की पहिली दाद मागितली जाई ती घरातल्या जाणत्या म्हातारीकडे. ती सुईला बिब्बा टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरी आणि पाझरलेल्या काळ्या तेलाचे चटके बेंबीभोवती देई. कातडीवर फोड उठे आणि त्या नव्या आगीपुढे जुनी कळ काही काळ मागे सरे.

हा केवळ अडाणीपणा म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. ज्या मातापित्यांनी पटकी आणि प्लेग यांचे थैमान अनुभवले होते, त्यांच्या मनाला साध्या पोटशुळातही मृत्यूची चाहूल लागावी, यात नवल ते काय? परंतु त्या भयाची किंमत मोजी ते लेकरू. कारण चौघांनी हातपाय धरलेले ते पोर आपल्या दुखण्याचे गांभीर्य आईच्या भेदरलेल्या मुद्रेवरूनच ठरवी.

भयाने दुखणे मोठे करून पाहण्याची ही तऱ्हा पुढे मानसशास्त्राने मोजलीही. वेदना मनात घोळवत राहणे, तिला वाढवून पाहणे आणि तिच्यापुढे असहाय होणे, या तीन वृत्ती मोजणारी तेरा विधानांची प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली सिद्ध केली. पुढे 2006 मध्ये, लेकराच्या दुखण्याबाबत आईबापांच्या मनातल्या याच वृत्ती मोजणारे तिचे रूपही प्रसिद्ध झाले.

1948 च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. डागण्या मात्र संपल्या नाहीत. विदर्भातल्या मेळघाटात तान्ह्या बालकांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिल्याचे प्रकार अलीकडेही उघडकीस आले आहेत.