तिसऱ्या दिवसाचे कोडे: उंदीर, थायमस आणि अंडाशय

१/ चाळिशीपूर्वी अंडाशयाचे कार्य थांबते, तेव्हा काही स्त्रियांमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्यावर उलटलेली असते. हे आकलन घडवण्यात जपानमधील उंदरांचा वाटा मोठा आहे.

२/ १९६९. नागोयाच्या आइची कर्करोग केंद्रात निशिझुका व साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या उंदीरमाद्यांच्या छातीतील थायमस ग्रंथी काढल्या. पुढे त्यांची अंडाशये खुरटली. हीच शस्त्रक्रिया सातव्या दिवशी केली, तर ती शाबूत राहत.

३/ थायमसमधील एखादे संप्रेरक अंडाशयास पोसत असावे, असा तर्क झाला. सत्य निराळे निघाले: माद्यांच्या स्वतःच्याच टी-पेशी अंडाशयावर तुटून पडत होत्या.

४/ १९८२ मध्ये शिमोन साकागुची व सहकाऱ्यांनी निरोगी उंदरांच्या टी-पेशी देऊन हा रोग टाळला. म्हणजे आवर घालणाऱ्या पेशीही असतात! १९९५ मध्ये साकागुचींनी त्यांची ओळख पटवली. या पेशी थायमसमधून किंचित उशिरा बाहेर पडतात, असे तिसऱ्या दिवसाचे स्पष्टीकरण मिळाले.

५/ या शोधमालिकेस २०२५ चे वैद्यकातील नोबेल लाभले. मूळ प्रश्न मात्र उरतोच. स्त्रियांमध्ये जनुकीय दोष, केमोथेरपी अशी इतरही कारणे असतात. एक उंदीर ती सारी दाखवू शकत नाही. आणि अंडाशयाचे गेलेले कार्य खात्रीने परत आणणारा उपचार अजूनही नाही.