कांजिण्या येऊन गेल्या का?

मंडळी, 'लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का?' असं डॉक्टरांनी विचारलं, की भला थोरला माणूससुद्धा आईच्या तोंडाकडे पाहतो. आई म्हणते, "काहीतरी आलं होतं खरं, गोवर की कांजिण्या, देवाला ठाऊक!" हा घोळ आजचा नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये देवीचा कहर होता. अंगावर फोड दिसले, की देवी कोणत्या आणि कांजिण्या कोणत्या, हे पुष्कळांना उमगत नसे. १७६७ साली विल्यम हेबर्डन या डॉक्टराने लंडनच्या वैद्यांपुढे निबंध वाचून दोहोंतला भेद मांडला. त्याला धास्ती होती ती ही, की कांजिण्या झालेला माणूस 'मला देवी येऊन गेल्या' असे समजून देवीच्या रोग्याजवळ बेधडक जाईल आणि प्राणाला मुकेल.

हेबर्डनने आणखी एक गोष्ट करून पाहिली. कांजिण्यांच्या फोडातल्या पाण्यात दोरा भिजवला आणि पूर्वी कांजिण्या झालेल्या एका माणसाच्या दंडाला बारीक चीर देऊन त्यावर बांधला. जखम लगेच भरून आली. रोगाचे नाव नाही! एकदा येऊन गेलेला रोग अंगात पहारा बसवून जातो, याची ती खूण होती.

या पहारेकऱ्यांना आज आपण प्रतिद्रव्ये म्हणतो. आता दोरा नको. थोडे रक्त तपासले की ती कळतात. 'आम्हाला आल्याच नाहीत' म्हणणाऱ्या पुष्कळ प्रौढांच्या रक्तातही ती सापडतात. बाळपणीचे चार फोड कुणाच्या ध्यानात राहणार?

मग एवढी चौकशी कशाला? कारण मोठेपणी कांजिण्या जड जातात. फुप्फुसाला सूज येऊ शकते. गरोदर बाईला आल्या, तर आई आणि मूल दोघांनाही धोका. जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४ साली पुढे आणलेली लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. म्हणून ती गरोदरपणी देत नाहीत. विचारणा आधीच करावी. तपासणीची सोय दूर असली, तर मात्र अडून बसू नये. अंगात पहारा आधीच असला, तरी लस बाधत नाही. प्रौढांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोनदा टोचावी लागते. ती कुणी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि गुरुजी, वर्गातल्या मुलाला कांजिण्या निघाल्या, तर त्याला तुम्ही घरी धाडालच. पण त्याच दिवशी स्वतःच्या आईलाही एकदा विचारून घ्या!